फळ्यावरची रिकामी ओळ

कानडी मुलखातल्या आनेकलच्या कारखान्यात कुणी फत्तेसिंगांना विचारलं, पाना कुठंय, की ते तोंडानं सांगत नसत, नुसतं फळीकडे बोट दाखवत. हत्यारांच्या त्या फळीवर प्रत्येक पान्याचा, पकडीचा आकार त्यांनी पिवळ्या रंगानं रेखला होता. हत्यार जागेवर नसलं की नुसता आकार उरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कळायचं. वीस वर्षं स्टोअर असं सांभाळलं, आणि कारखानाच बंद पडला. घ्या!

सत्तेचाळिसाव्या वर्षी गडी पीएचपी ही वेब-पानं बनवायची भाषा शिकला आणि नव्याण्णव साली इंदिरानगरच्या एका छोट्या ऑफिसात तीन महिन्यांच्या बोलीवर लागला. साहेब रणजीत, पुण्याहून आलेला, चोवीस वर्षांचा. भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांची नावं होती, फत्तेसिंगांचं नव्हतं. हंगामी माणसाचं कशाला लिहा? त्यांना ते रोज टोचायचं.

प्रोग्रामात क्लास, म्हणजे माहितीचा साचा, लिहायचा झाला की त्यात काय काय ठेवायचं, ती सगळी नावं फत्तेसिंग आधी वर ओळीनं जाहीर करत. रणजीत हसायचा.

"काका, गरज नाही हो! वापरली की प्रॉपर्टी आपोआप तयार होते. टाइम वेस्ट आहे."

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणायचे आणि लिहायचेच. हट्टी म्हणजे किती!

मुदतीच्या शेवटच्या दिवशी रक्तदात्यांचं पान एका दवाखान्याला दाखवायचं होतं. नाव येई, पत्ता येई, रक्तगटाची जागा कोरी. रणजीत सकाळपासून डोकं धरून बसला होता. चूक म्हणून कुठं दिसेना.

"स्वल्प थांबा," म्हणत फत्तेसिंगांनी त्याच्या क्लासमधली सगळी नावं कागदावर उतरवली. कुठं माहिती ठेवली, कुठं काढली. झालं, सापडलं! रणजीतनं रक्तगट ठेवताना नाव दिलं होतं 'ग्रुप', आणि आठवड्यानं स्वतःच तो 'टाइप' या नावानं मागत होता. पीएचपीनं चकार शब्द न काढता कोरं छापलं होतं.

"वर यादी असती तर दिसलं असतं, साहेब," फत्तेसिंग कळवळून म्हणाले. रणजीतनं 'टाइप' खोडून 'ग्रुप' केलं.

दुपारी पान पसंत पडलं. संध्याकाळी फत्तेसिंगांनी डबा पिशवीत घातला. घरी बायकोला, सगुणाबाईंना, काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. मुदत संपली होती आणि कुणी काही बोललं नव्हतं.

दाराशी रणजीत खडू घेऊन उभा होता.

"काका, तुमचं नाव कुठं लिहू?"

फत्तेसिंगांनी फळ्याकडे पाहिलं. रणजीतच्या नावाखाली एक ओळ रिकामी होती. तीन महिने ते ती बघत आले होते. त्यांनी नुसतं बोट दाखवलं.