सॉसच्या बाटलीवर तेलाचा थर

संक्रांतीला लेक वसतिगृहातून घरी आली तेव्हा टोमॅटो मातीमोल झाले होते. शहाद्याच्या बाजारातून पिशवी भरून आणले आणि सॉस केला. तिला तो पोळीला चोपडून लागतो. ती परत गेली, अर्धी बाटली उरली. मी सासूबाईंना बजावलं, "फ्रिजमध्येच राहू द्या. चार दिवसांत संपला नाही तर टाकून द्यायचा."

इथे माझंही चुकलंच. टिकवायचा होता तर छोट्या डब्यांत भरून त्याच दिवशी बर्फाच्या कप्प्यात टाकायला हवा होता. पण मी शाळेत शिकवते, सकाळी सातलाच घर सोडते, राहून गेलं. पुढे बाटली फ्रिजमध्ये दिसेना, तेव्हा संपली असेल असं धरून चालले.

मग सासूबाईंचं पोट बिघडलं. आठवडाभर मी मऊ भात रांधतेय, दवाखान्यात नेतेय, आणि रोज विचारतेय, "आई, काय खाल्लं होतं?" रोज तेच उत्तर, "काहीच नही व माय, गारठा लागना." गारठ्यानं कुणाचं पोट आठ-आठ दिवस वाहतं होय? मी चिडायचे, त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

एका रविवारी लोणच्याची बरणी काढायला कपाट उघडलं, तर तिच्यामागे ती बाटली. वर बोटभर तेल, तोंडाला फडकं बांधलेलं. कैरीच्या लोणच्याला त्या वर्षानुवर्षं करतात तसंच, जसंच्या तसं. फडकं सोडलं तर आंबूस भपकारा आला. तेलातून बारीक बुडबुडे वर येत होते. काचेच्या कडेला हिरवट बुरशी, आणि मधे चमच्यानं खरवडल्याची खूण.

मी बाटली घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेले. "आई, हे काय आहे?"

"नातसाठे ठेवेल शे. होळीले येई ती. लोणचं कोणी फ्रिजमा ठेवस का?"

"हे लोणचं नाही हो! यात तेवढं मीठ नाही, मुरलेलं काही नाही. बुडबुडे आले, वास आला, बुरशी धरली की संपलं."

"बुरशी उनी ते वरनं काढी टाकी. खाले चांगलं शे."

किती वेळा सांगितलंय, बुरशी वरून काढली तरी खाली उतरलेली असते, शंका आली की चाखूनसुद्धा बघायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. माझा आवाज चढलाच. "खाली चांगलं आहे, कशावरून?"

"मी रोज चमचाभर चाखी पाहस," त्या म्हणाल्या. "पोरले देनं शे ना."

मला संताप आला. बाटली फडक्यासकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली, हात धुतले, परत येऊन त्यांच्या पायांशी बसले. पाय गार होते. बडबडत, चिडत मी ते चोळत राहिले.

होळीला लेक आली. मी ताजा सॉस केला, तिच्या ताटात वाढला. सासूबाईंनी ताट आपल्याकडे ओढलं आणि बोटभर सॉस तोंडात घातला.

"आत्ताच केलाय आई, तुमच्यासमोर," मी म्हटलं.

"माहीत शे," म्हणाल्या. घोट गिळला, थोडं थांबल्या, आणि मगच ताट नातीपुढे सरकवलं.