शनिवार ते सोमवार

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, फसवणुकीची लांबलचक प्रकरणं पाहिली. त्यांतली बरीचशी आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं राहिलं आहे. त्यात हत्यार नव्हतं, कुणी फरार नव्हतं, कुणाचं कुणाशी वैरही नव्हतं. तरी एक माणूस गेला.

मी तेव्हा शहराच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. हडपसरकडे आयटी पार्क उभे राहत होते. काल जिथे उसाचे फड होते तिथे काचेच्या इमारती आल्या आणि दिवसरात्र कंपन्यांच्या गाड्या धावायला लागल्या. नवरा-बायको दोघंही कामावर, नाहीतर थेट परदेशात. मग घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांचं काय? त्यांच्यासाठी भाड्याच्या बंगल्यांतून ‘केअर सेंटर’ निघाली होती. बाहेर रंगीत पाटी, आत ओळीने पलंग. या ठिकाणांना कोण परवानगी देतं आणि कोण तपासतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. विचारायची वेळही आली नव्हती.

एका सोमवारी दुपारी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातून डॉक्टरांचा फोन आला. मारहाण, अपघात, विषबाधा असं काही संशयास्पद दिसलं की रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं. तसाच तो होता.

“साहेब, वृद्ध गृहस्थ आहेत. मांडीचं हाड मोडलंय. आणणारे म्हणतात, आज सकाळी पलंगावरून पडले.”

“मग?”

“सकाळचं नाही हे. मांडीवरचा काळानिळा डाग कडेनं पिवळसर व्हायला लागलाय. कमरेखालची कातडी सोललीय, अंगात पाण्याचा अंश नाही. आणि दोन्ही मनगटांवर वळ आहेत. पडलेल्या माणसाच्या मनगटांवर वळ येत नाहीत.”

मी ठाण्यातल्या एका महिला हवालदारांना बरोबर घेऊन रुग्णालयात गेलो. आजोबा एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. स्मृतिभ्रंश होता. ते जबाब देण्याच्या स्थितीत नाहीत, असं डॉक्टरांनी लेखी दिलं. बाहेर बाकावर त्यांचा मुलगा बसला होता. तिशी ओलांडलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकलेलं.

“माझी काही कंप्लेंट नाही,” मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला. “वय झालंय, पडले. प्लीज, केस वाढवू नका.”

पोलिसांत राहिलं की एक सवय लागते. माणूस काय बोलतो यापेक्षा तो काय विचारत नाही, तिकडे लक्ष जातं. ज्याच्या माणसाला इजा झालेली असते तो आधी विचारतो, हे झालं कसं? वडिलांच्या हातांवरचे वळ त्याने पाहिले होते. त्याने विचारलं नाही.

तिथून आम्ही केअर सेंटरला गेलो. दर्शनी खोली चकचकीत. आत गेल्यावर फिनेलच्या वासामागे दुसरा वास येत होता. संचालिका पन्नाशीच्या, पूर्वी मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या. आवाजात जरब होती. आजोबांच्या खोलीचा पंचनामा करताना पलंगाच्या दांड्यांना साडीच्या चिंध्या बांधलेल्या दिसल्या. शेजारच्या पलंगालाही होत्या.

“हे कशाला?”

“हात बांधायला,” त्या शांतपणे म्हणाल्या. “नाहीतर उठतात आणि पडतात. घरी काय करतात विचारा, खोलीत कोंडून ठेवतात.”

“कुणाच्या परवानगीने बांधता?”

“साहेब, तुम्हाला कैद्याला बेडी घालायची तर कोर्टाची परवानगी लागते ना? मला कुणाकडे मागायची ते सांगा. मी उद्या अर्ज करते.”

बाईंचा हेतू मला गप्प करण्याचा होता, तो साधला. पण त्या बोलल्या ते खरं होतं. येरवड्यात खितपत पडलेल्या सराईत गुन्हेगाराचीही तक्रार ऐकायला न्यायाधीश येतात. माझ्या कोठडीतल्या पाकीटमाराची वैद्यकीय तपासणी वेळच्या वेळी झाली नाही तर मला जाब द्यावा लागतो. इथे मात्र ज्यांनी आयुष्यात कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं अशी माणसं बांधलेली होती, आणि विचारणारं कुणी नव्हतं.

आजोबा सकाळीच पडले आणि त्यांना लगेच रुग्णालयात नेलं, यावर संचालिका ठाम होत्या. कामाला असलेल्या मावशींनीही मान खाली घालून तेच सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा समोरच्या खोलीतल्या एका आजींनी महिला हवालदारांचा हात धरला.

“अहो, त्यांना खाली नका ठेवू. फरशी गार आहे.”

“त्या सगळ्यांना तेच म्हणतात,” संचालिका हसल्या. “डोकं ठिकाणावर नाही त्यांचं.”

चौथ्या दिवशी आजोबा गेले. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. शवविच्छेदनात आलं की मोडलेलं हाड उपचाराविना राहिलं, त्यातून फुप्फुसात गुठळी गेली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात आल्यावर पाहतो तो बाहेर गाड्यांची रांग. मला वाटलं, इतर रुग्णांचे नातेवाईक तक्रार द्यायला आले. ते आले होते मला थांबवायला. पुणेकर माणूस ठाण्यात येतो तो बहुधा सल्ला द्यायलाच, पण या लोकांच्या चेहऱ्यावर धास्ती होती.

“एका माणसाचं दुर्दैव झालं, मान्य आहे,” त्यांतले एक म्हणाले. “पण तुम्ही ते सील केलंत तर आम्ही आईला कुठे न्यायचं? तुमच्या ठाण्यात ठेवून घेता का?”

एक बाई नुसत्या रडत होत्या. त्यांच्या सासूबाई तिथे होत्या आणि स्वतःच्या आईचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. “कायद्याप्रमाणे होईल,” एवढं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. तपास मात्र पुढे सरकत नव्हता. नातेवाईक गप्प, नोकर गप्प, मुलगा तर पहिल्यापासूनच गप्प.

वाट सापडली ती महिला हवालदारांमुळे. त्या पुरवणी जबाबासाठी परत तिथे गेल्या होत्या. आल्या त्या थेट माझ्यासमोर बसल्या.

“सर, त्या आजी अजून तेच म्हणतायत. मी एका मावशीला सहज विचारलं, पहिल्यापासून असंच म्हणतात का? ती म्हणाली, नाही, आधी येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जेवलात का’ विचारायच्या. हे फरशीचं नवीन आहे.”

“कधीपासून?”

“तेच विचारलं. तर ती मावशी उठून मोरीत निघून गेली.”

स्मृतिभ्रंश झालेल्या बाईंचं वाक्य कोर्टात टिकत नाही. पण आपण काय विचारायला हवं, ते मला त्या वाक्यातून कळलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असा नियम आहे. आम्ही साध्या कपड्यांत त्या मावशीच्या घरी गेलो. वाघोलीच्या अलीकडे पत्र्याची खोली होती. तिने बसायला सतरंजी टाकली. मी ‘कधी पडले’ असं विचारलंच नाही.

“मावशी, आजोबांना फरशीवर किती वेळ ठेवलं होतं?”

ती आधी माझ्याकडे, मग हवालदार बाईंकडे बघत राहिली. मग तिने तोंडाला पदर लावला.

“शनवारी सांजच्याला पडलं वो ते. बाथरूमला उठलं आन् पडलं. आमी दोघीच व्हतो. उचलंना आमच्यानं. वरडायचं, हात लावू द्यायचं न्हाईत. मग तिथंच गोधडी टाकली.”

“बाईंना कळवलं नाही?”

“बाई गावाला, लग्नाला गेलेल्या. फोन केला तर म्हनल्या, डाक्टरला विचारा. डाक्टर फोनवरच म्हनले, दुखायची गोळी द्या, झोपायचं औषध द्या. हलू देऊ नका. म्हनून हात बांधलं.”

“आणि मुलाला?”

तिने सतरंजीचं टोक दुमडलं.

“त्यास्नीबी केला. ते म्हनले, सोमवारपतूर सांभाळा. सोमवारी येतो.”

मुलाला मी दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. आवाज चढवायची गरज नव्हती. मावशीचा जबाब झाला आहे, एवढंच सांगितलं. तो टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला.

“सोमवारी सकाळी आमची सिस्टीम सुरू व्हायची होती,” तो म्हणाला. “टीम माझ्याकडे होती. मी मावशींना विचारलं, डॉक्टरांशी बोललात का? त्या हो म्हणाल्या. मला वाटलं, मग ठीक असेल. फ्रॅक्चर आहे असं कुणीच म्हणालं नाही, साहेब.”

“बरं.”

मी जबाबाचा कागद पुढे ओढला.

“मी फोनवर बोलत होतो तेव्हा मागून बाबांचा आवाज येत होता,” तो म्हणाला.

“काय म्हणत होते?”

“माझं नाव घेत होते. नाव विसरले होते ते माझं. वर्षभर मला ‘तुम्ही कोण’ म्हणायचे.”

कोपऱ्यात बसलेल्या महिला हवालदार उठून बाहेर गेल्या. मी त्याचा जबाब स्वतः लिहून घेतला.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. संचालिका आणि फोनवरून औषध सांगणारे डॉक्टर आरोपी झाले. मुलावर गुन्हा बसत नाही, असं सरकारी वकिलांचं मत पडलं. त्याला आणि मावशीला साक्षीदार केलं.

खरी अडचण पुढे होती. आतल्या बाकीच्या म्हाताऱ्या माणसांचं काय करायचं? मी महापालिकेच्या आरोग्य खात्याला लिहिलं. उत्तर आलं की आम्ही रुग्णालयांची नोंदणी करतो, हा वृद्धाश्रम दिसतो. समाजकल्याण खात्याला लिहिलं. ते म्हणाले, आमचं अनुदान नाही, सबब आमच्या कक्षेत नाही. दोन्ही उत्तरं नियमाला धरून होती. ती माणसं मात्र कुणाच्याच कक्षेत नव्हती.

शेवटी जामिनावर सुटलेल्या संचालिका आणि सगळे नातेवाईक, दोघांनाही मी ठाण्यात एकत्र बोलावलं. त्यांना घेऊन कोठडीपाशी गेलो आणि भिंतीवर लावलेले पहाऱ्याचे नियम वाचायला सांगितले. पहारेकऱ्याने ठरावीक वेळाने फेरी मारायची. कैदी आजारी दिसला तर वाट न पाहता दवाखान्यात न्यायचं. वरिष्ठांनी न सांगता तपासणी करायची.

“हे चोरांसाठी आहे,” मी म्हणालो. “तुमच्या आई-वडिलांसाठी निदान एवढं तरी करा. कायदा येईल तेव्हा येईल.”

संचालिका म्हणाल्या, “रात्रीला माणसं वाढवायची तर ती आणायची कुठून? या साहेबलोकांना माझ्याकडे यायला महिनोन्‌महिने सवड होत नाही.”

पहिल्यांदाच नातेवाईकांनी माना खाली घातल्या. मग मागे उभा असलेला आजोबांचा मुलगा बोलला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

“न सांगता जायचं काम मी करीन.”

काही जण चमकले. एक गृहस्थ पुटपुटले, “आता कशाला?”

मुलगा खरंच जाऊ लागला. कधी सकाळी ऑफिसच्या आधी, कधी भर दुपारी. चिंध्या गेल्या, बुटके पलंग आले. बाथरूमला धरायला दांड्या लागल्या. जवळच्या एका डॉक्टरीण बाई ठरलेल्या दिवशी प्रत्यक्ष येऊन तपासू लागल्या. संचालिकांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं, पण त्या मुळात कामाच्या बाई होत्या. माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो, तर दारातच म्हणाल्या, “साहेब, परवा एक आजी पडल्या. त्यांना लगेच रुग्णालयात नेलं. तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकते.”

खटला बरीच वर्षं चालला. डॉक्टर संशयाचा फायदा मिळून सुटले. संचालिकांना थोडी शिक्षा आणि दंड झाला. मी साक्षीला गेलो त्या दिवशी मुलाचीही साक्ष होती. बचावाच्या वकिलांनी त्याला चिमटा काढला, “तुम्हाला कळवूनही तुम्ही आला नाहीत, खरं आहे?” तो एखादी पळवाट काढेल असं मला वाटलं. त्याने सरळ सांगितलं, “खरं आहे. सोमवारपर्यंत सांभाळा, असं मी म्हणालो.” न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि मग ते वाक्य नोंदवून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात त्याची-माझी गाठ पडली. अजून जातोस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “जातो. पण आता त्या लोकांना मी लागतो म्हणून नाही. मला लागतं म्हणून.”

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर गुन्हेगारांबद्दल फारसं काही शिकवलं नाही, असंच मी सांगेन. शनिवारपासून सोमवारपर्यंत प्रत्येकाने कुणाला ना कुणाला फोन केला होता. मावशीने बाईंना विचारलं, बाईंनी डॉक्टरांवर सोपवलं, डॉक्टरांनी गोळी सांगितली, मुलाने डॉक्टरांवर विश्वास ठेवला. आपापल्या परीने सगळ्यांनी कर्तव्य केलं, आणि म्हातारा फरशीवर राहिला. कायदे आता पूर्वीपेक्षा बरे आहेत, नोंदण्या होतात, तपासणीही होते. पण तपासणी अधिकारी वर्षातून कधीतरी येणार. बाकीचे दिवस कुणाचे?

निवृत्तीनंतर ओळखीचे लोक मला एखादं चांगलं केअर सेंटर सुचवायला सांगतात. मी नाव सांगत नाही. मी म्हणतो, बोलावलेल्या वेळी जाऊ नका, जेवणानंतरच्या सामसुमीत जा. पाण्याचा पेला पलंगावरच्या माणसाच्या हाताला पोचतो का बघा. सांभाळणाऱ्या बाईंना त्या माणसाचं पूर्वीचं काम काय होतं ते विचारा, आणि आत कुणी हाक मारत असेल तर ती कुणाला मारतंय तेही विचारा. उत्तरं बरी मिळाली तर ठेवा आई-वडिलांना तिथे, त्यात लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आणि मग परत जा, न सांगता.