ठसक्याचं माप

बायको गेली आणि ताटातली चटणी बिघडली. शेंगाची चटणी असायची, पण ती परक्याच्या घरची लागायची. मी सुनेला तसं तोंडावर सांगितलं. तिनंही तोंडावरच ऐकवलं, "मामा, मग तुमीच कुटा की."

सून घरी बसून कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. तेव्हा ती पार्सर लिहायला शिकत होती. मजकूर वाचून त्याचे सुटे भाग करणारा प्रोग्राम, एवढं मला कळलं. सरावाला तिनं सासूनं फोनवर पाठवलेली चटणीची कृती घेतली. म्हणाली, "ह्ये आत्यांचं माप नीट सुटं करून देतंय बगा. बसा तुमी बी."

माझी शाळा चौथीत सुटली, तरी बसलो. चटणीसाठी बसलो, उगाच कशाला खोटं बोलू? तिच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या साठ्यात, छोटे छोटे वाचणारे प्रोग्राम एकमेकांना जोडायचे असतात. एक फक्त आकडा वाचणार, दुसरा फक्त वाटी-चमचा. आपल्यापुरतं घ्यायचं, उरलेलं पुढच्याला द्यायचं. एकाला मी सांगायला लावलं, मिळेल तेवढं वाच. त्यानं सगळी कृतीच गिळली, पुढचे उपाशी.

"ह्यो तुझ्या मामेसासऱ्यावर गेलाय," मी म्हणालो.

त्याला आवरलं. शेंगदाणे दोन वाट्या, वाचलं. लसूण एक गड्डा, वाचलं. तिखटाला गाडी अडली. पडद्यावर चूक उमटली, 'आकडा हवा होता, "ह्यांना" सापडलं.'

सुनेनं पुढचं वाचून दाखवलं, "तिखट, ह्यांना ठसका लागेपर्यंत."

नवऱ्याचं नाव बायको घेत नसे. ह्यांना म्हणजे मी. पहिली चव मला द्यायची, ती मला मानाची वाटायची. मी खोकत ओरडायचो, "मारतीस का काय?" ती म्हणायची, "झाली चटणी," आणि खलबत्ता उचलायची.

सून हसून लोळायची बाकी होती. मग तिनं नवा वाचणारा जोडला: आकडा, नाहीतर ठसका. कृती शेवटपर्यंत वाचली गेली. तिखट, एक ठसका.

लगेच कुटायला बसलो. सून तिखट घाली, मी चव बघे.

"मामा, लई झालं."

"गप. घाल."

आणि लागला. डोळ्यांतून धारा, नाकातून पाणी. तांब्यासाठी सवयीनं हात मागं गेला, तिथं कुणी नव्हतं. सूनच पळत गेली. बोलता येईना, तरी मी मान हलवली. हीच. हीच चटणी.

शेजारीण धावत दारात आली. "अगंबाई, रडत्यात का काय?"

"न्हाय हो," सून तांब्या पुढं करत म्हणाली, "माप घेतोय."