देगलूरचा माणूस

त्या वर्षी नांदेडात एकच गोष्ट दबक्या आवाजात फिरत होती. जनाना दवाखान्यातल्या नर्सबाईंनी म्हणे देगलूरला माणूस ठेवलाय. कुणी म्हणे ठेवलेला नाही, चांगला लग्नाचा आहे. कुणी म्हणे तेलंगी आहे, भाताची जमीन आहे, गळ्यात सोन्याचा गोफ आहे. गोफ कुणीच पाहिला नव्हता, पण त्याचं वजन वजिराबाद भागातल्या हरेक पानवाल्याला ठाऊक होतं. चार तोळे. ते चार तोळे पहिल्यांदा मीच बोललो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी त्याच दवाखान्यात कंपाउंडर होतो. मिक्श्चरात पाणी घालता घालता हात सैल होतो, तशी जीभही होते.

बाईंचं नाव चंद्रप्रभा. गुहागरकडच्या. पंधराव्या वर्षी नवरा गेला. मग कुणाचं न ऐकता त्या पुण्याला जाऊन सुईणपणाचं रीतसर शिकल्या. इंग्रजी मुलखात त्यांना पस्तीस रुपये मिळत. निजाम सरकारच्या जाहिरातीत आकडा होता सत्तर! घरी म्हातारी आई एकटी, तीही दिराच्या पडवीत दिवस काढणारी. आईनं सगळ्या आळीला सांगितलं, आमची चंद्री दुप्पट पगारावर मोगलाईत चालली. सत्तर हाली, म्हणजे निजामाचे रुपये, इंग्रजांचे कलदार नव्हेत, हे त्या आळीत कुणाला कळणार? सात हाली मोजले की सहा कलदार हातात पडायचे. म्हणजे सत्तरचे झाले साठ. पहिला पगार आला तेव्हा नाण्यावरचा चारमिनार उलटासुलटा बघत त्यांची आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी, म्हणाल्या, "अगो, हे बाजारात चालतं, की नुसतं बघायचं?"

पहिली नेमणूक होती लातूरला. बार्शीहून येणाऱ्या त्या लहान गाडीतून मायलेकी उतरल्या आणि करोडगिरीवाल्यांनी आजींचं बोचकं उघडलं. इंग्रजी मुलखातून आलेल्या मालावर जकात घ्यायची, हे त्यांचं काम. आत निघाली आमसुलं. जमादारानं एक उचलून वास घेतला, उजेडात धरलं.

"ये क्या है? रंग है? दवा है?"

"आमटीत घालायचं आहे, मेल्या," आजी म्हणाल्या. "तोंडात टाकून बघ."

त्यानं टाकलं. त्याचा चेहरा असा काही आंबला की जकात बिकात विसरून तो पाण्याच्या मडक्याकडे पळाला. ही हकिगत लातुरात वर्षभर चालली. वर्षानं बाईंची बदली नांदेडला झाली.

नांदेडला आल्यावर परमुलखात राहणं म्हणजे काय ते कळायला लागलं. खोलीचं भाडं, सरपण, दूध, हे एक वेळ समजून घेता येतं. पण नारळ? ज्या बाईच्या दारात नारळ आपण होऊन पडायचा, तिला तो इथं एकेक मोजून विकत घ्यावा लागायचा, आणि फोडल्यावर आत सुकलेला निघायचा. आणि तांदूळ. आमच्याकडे ज्वारी. भाकरी, वरण, वर तेलाची धार आणि कांदा, माणूस खूश. भात म्हणजे लग्नाच्या पंगतीला किंवा आजाऱ्याला. त्यात लढाई पेटली, ब्रह्मदेशातून तांदूळ यायचा थांबला, आणि बाजारात तांदळाचा भाव विचारलं की दुकानदार आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचा.

आजींच्या तोंडात दात एक. तोही, त्या म्हणायच्या, नुसता आठवणीसाठी ठेवलाय. भाकरी त्यांना चावत नसे. दोन्ही वेळा मऊ भात, वर आमसुलाचं सार. पंधरा दिवस भात झाला नाही तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. नुसतं म्हणाल्या, "चंद्रे, मला आपली परत पोचव. पडवी तर पडवी." चंद्रप्रभाबाई ज्या आईसाठी एवढा मुलूख ओलांडून आल्या होत्या, ती परत त्या पडवीत गेली तर मग हे सत्तर हाली कशाला? तेव्हापासून बाईंनी ठरवलं, आईच्या ताटात दोन्ही वेळा भात पडेल. स्वतः त्या भाकरी खायला शिकल्या. आईला सांगितलं, डॉक्टरांनी भात बंद केलाय, अंगाला सूज येते. आणि इथं तांदूळ लई स्वस्त आहे, असंही सांगितलं. एवढं खोटं बोलणाऱ्या बाईवर मी चार तोळे रचले तर माझंच काय चुकलं?

तर देगलूर. तिथले आडतदार सिद्रामप्पा यांची सून अडली, मूल आडवं आलं, तेव्हा सरकारी हुकमानं बाईंना तिकडं पाठवलं. मूल सुखरूप झालं. देगलूर म्हणजे तेलंगणाच्या दाराशी. घरात कानडी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू आणि भांडण मराठीत. पाचवीच्या दिवशी सुईणीला सूप भरून धान्य द्यायची तिथं रीत आहे. आमच्याकडे त्या सुपात ज्वारी असते. शांतम्मांनी, म्हणजे सिद्रामप्पांच्या कुटुंबानं, तांदूळ भरला. बारीक, जुना, पांढराशुभ्र. निजामोद्दीन ड्रायव्हरच्या सर्व्हिस मोटारीतून तो नांदेडला आला, शिजला, आणि आजींनी पहिला घास घेऊन डोळे मिटले.

"कुठला गो हा?"

"इथलाच," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

त्यानंतर महिन्यातल्या एका शुक्रवारी, सुट्टी तेव्हा शुक्रवारची असे, बाई पहाटेच्या मोटारीनं देगलूरला निघायच्या आणि दिवेलागणीच्या आत परतायच्या. शांतम्मांच्या ओसरीवर पोटुशा बायका जमत. कुणाचं मूल कसं आहे, कुणाच्या अंगात रक्त नाही, कुणी आताच माहेरी जाऊन राहावं, हे बाई सांगत. तिथल्या म्हाताऱ्या सुईणीला हात धुवायला लावत. पैसा घेत नसत. सूप मात्र घेत. सरकारी नर्सनं बाहेर फी घेऊन काम करायचं नाही, असा कायदा होता. कायद्यात फी लिहिलीय, सूप कुठं लिहिलंय, अशी बाईंनी मनाची समजूत घातली होती. पण ती समजूत किती पातळ आहे ते त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून पोतडीवर घोंगडी, आणि निजामोद्दीनच्या तोंडाला कुलूप.

आता तुम्हीच सांगा. बाई जाते रिकाम्या हातानं, येते घोंगडीखाली काहीतरी झाकून, चेहऱ्यावर समाधान, आणि विचारलं तर ड्रायव्हर हसून दुसरीकडे बघतो. गावानं काय समजायचं?

कुणीतरी निनावी अर्ज केला. अर्ज मी केला नाही, शपथेवर सांगतो. माझं उर्दू अक्षर ओळखू येतं.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे, सज्जन माणूस, बायकांशी बोलताना टेबलाकडे बघणारे. त्यांनी बाईंना बोलावलं. पडद्याच्या अलीकडे मी बाटल्या पुसत होतो. एकच बाटली, बराच वेळ.

"बाई," साहेब टेबलाला म्हणाले, "दरख्वास्त आली आहे. तुम्ही दर महिन्याला देगलूरला जाता. दोन बातें हो सकती हैं. तिथं बाहेरची प्रॅक्टिस चालली असेल, तर मी आजच कागद वर पाठवतो, नोकरी जाईल. माझ्या हातात काही राहणार नाही. आणि तुमचा खासगी मामला असेल, तर..." इथं साहेब खोकले, "तर तो मला ऐकायचाही नाही. बताइए, क्या है?"

पडद्यापलीकडचा चंद्रप्रभाबाईंचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे ती पडवी असणार, एवढं आज मला कळतं.

"आहे एक माणूस," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घाईघाईनं कागद दुमडला. पण सरकारी सवय! विचारलंच, "नाम?"

"नाव घेत नाहीत, साहेब," बाई म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर त्यांनी पुढं ओढला असावा, कारण बांगड्या नसलेल्या हाताचाही एक आवाज होतो.

दारातला शिपाई ग्यानोबा माझ्याकडे बघून राहिला होता. "म्हंजी नवराच की हो!" तो कुजबुजला. "लई बेस झालं. बाईला कुणी तर हाय." आम्ही दोघं तिथून जे सुटलो, ते दुपारच्या जेवणाच्या आत अर्धं नांदेड फिरून आलो.

बातमी आजींपर्यंत पोचवली सुलतानबीनं. सुलतानबी त्याच वाड्यात राहायची आणि घरोघर बांगड्या भरायची. या घरात तिच्या धंद्याला काही वाव नव्हता, तरी रोज टोपली दाराशी टेकवून नुसती बोलायला यायची. ती काही वाईट मनानं बोलली नाही. उलट म्हणाली, "आजी, मुबारक हो. आता पोरीच्या हातात बांगड्या मीच भरणार, हौ. हिरव्या."

दुपारी बाई घरी आल्या तर आजींचं बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं. ताटातला भात तसाच.

"हे काय, आई?"

"मी जाते. अगो, मला सांगायचंस तरी. माझ्या लाजेनं तू त्या बिचाऱ्याला तिकडं ठेवलास आणि महिन्यातून एकदा चोरासारखी जातेस. मी काय खाल्लं असतं तुला? विधवेनं लग्न केलंन म्हणून आळी बोलेल, बोलू दे. तू जा त्याच्याकडे. नाहीतर त्याला इथं आण. मी मधे नको." एवढं बोलून आजींनी डोळे पुसले आणि पुढं विचारलं, "स्वभावानं कसा आहे? भात खातो का?"

ज्या खोट्यानं आईला ठेवून घ्यायचं, तेच खोटं आईला गाडीत बसवायला निघालं होतं. चंद्रप्रभाबाई हसल्या की रडल्या, ते आजींना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. बाईंनी कोपऱ्यातली घोंगडी ओढली, पोतडीचं तोंड सोडलं आणि ती आईसमोर आपटली.

"हा बघ तुझा जावई. बारीक, गोरा, जुना. रोज दोन्ही वेळा तूच खातेस याला."

मग सगळं बाहेर आलं. सूप, शांतम्मा, अर्ज, साहेब. आजी ऐकत राहिल्या. सगळं संपल्यावर एवढंच विचारलं, "बाजारात काय भाव आहे तांदळाला?"

बाईंनी सांगितला.

"आणि तुला सूज?"

बाई पोतडीचं तोंड पुन्हा बांधू लागल्या.

आजी उठल्या. बाहेर जाऊन सुलतानबीला हाक मारली. "तुमच्यात दात नसलेली माणसं काय खातात गो?"

सुलतानबीला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. घरी जाऊन ती वाडगा घेऊन आली. जाडसर भरडलेली ज्वारी, पाण्यात मऊ शिजवलेली, वर ताक आणि मिठाचा खडा. कण्या म्हणतात आमच्याकडे. गरिबाचा भातच तो. एकाच वाड्यात शेजार, पण वर्षभरात आजींना कुणी सांगितलं नव्हतं, कारण आजींनी कुणाला विचारलं नव्हतं.

"खा के तो देखो, आजी."

आजींनी पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला. गिळला. दुसरा घेतला. मग बोचक्यातून आमसुलं काढून दोन त्या वाडग्यात टाकली. सुलतानबीनं कपाळाला हात लावला.

"आता बरं लागतंय," आजी म्हणाल्या. "चंद्रे, तो भात तू जेव. उद्यापासून दोघी हेच खाऊ, आणि सणाला भात. देगलूरला जा, बायका अडल्या तर बघायला नको का? पण सूप घेऊ नकोस. मग कुणाच्या बापाला भिऊ नकोस."

बोचकं सुटलं ते सुटलंच. आजी पुढं नऊ वर्षं नांदेडात राहिल्या, कण्यांवर. त्यांची राखही गोदावरीत गेली. बाई देगलूरला जातच राहिल्या, आता रिकाम्या हातानं जाऊन रिकाम्या हातानं यायच्या. शांतम्मा आधी रुसल्या, मग समजल्या. आणि गाव? गावानं त्याचाही अर्थ लावला. त्या माणसानं आता काही द्यायचं सोडलं, तरी बाई जातेच, याला म्हणतात जीव लावणं. हे वाक्यही, लाज वाटते सांगायला, माझंच. आजी औषधाची बाटली घ्यायला आल्या आणि स्टुलावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं, तोवर ते वाक्य चौकाचौकात जाऊन पोचलं होतं. परत आणता येत नव्हतं.

म्हणून आज सांगतो. देगलूरला माणूस नव्हता. महिन्याला पंधरा शेर तांदूळ मिळत होता. तो आई खात होती, आणि चंद्रप्रभाबाई भाकरी खात होत्या.