बाईंचे नऊ मीटर

बाईंना कुणी "छान" म्हटलं की त्यांचं टाळकं फिरायचं. वर्गात एखाद्याचं उत्तर ऐकून दुसरा कुणी "छान" म्हणाला, तर उत्तर देणारा बाजूला राहायचा आणि छान म्हणणाऱ्याची हजेरी घेतली जायची. "छान म्हंजे काय रे? लुगडं हाय का ते? बरोबर हाय का चूक, तेवढं सांग." शेवटच्या बाकावर झोपा काढणारे आम्हीसुद्धा विज्ञानाच्या तासाला डोळे उघडे ठेवून बसायचो. विज्ञान किती कळलं ठाऊक नाही, बाईंना मात्र आम्ही पुरेपूर भ्यायचो.

गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर उद्या माझ्या दुकानापुढं भांडण उभं राहील. हुमनाबाद तालुक्यातलं आहे, दुबलगुंडीच्या बाजूचं, एवढं पुरे. माझं तिथं दोर, पत्रे आणि पाइपांचं दुकान आहे. बाई मूळच्या गुलबर्ग्याच्या. नोकरीसाठी आमच्याकडं आल्या आणि निवृत्त झाल्यावरही परत गेल्या नाहीत. एकट्याच राहायच्या. बोलायच्या मराठीत, आकडेमोड पुटपुटायच्या कानडीत आणि राग आला की दखनीवर उतरायच्या. "हौले" हा त्यांचा ठेवणीतला शब्द. अर्थ मूर्खच, पण मूर्ख म्हटलं की माणूस दुखावतो, हौला म्हटलं की नुसता ओशाळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्याकडून दोन्ही शब्द ऐकले आहेत, ओशाळलोही आहे आणि दुखावलोही आहे.

आकाशात जाणारी लिफ्ट आम्ही त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली. मैदानात उभं राहून त्यांनी दोरीला दगड बांधला आणि गरागरा फिरवला. "दगड फिरतोय तवर दोरी ताठ. माझी मूठ म्हंजे पृथ्वी. आता या ताठ दोरीवरनं एखादी मुंगी चालत गेली, तर तिला रॉकेट लागंल का?" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. असा दोर अजून जगात कुणालाच करता आलेला नाही, हेही त्यांनी लगेच सांगून टाकलं. "दोराला आधी सोताचं वजन पेलावं लागतंय, मग तुमचं." हे वाक्य मी आजही गिऱ्हाइकाला ऐकवतो. गिऱ्हाईक म्हणतं, छान बोलता. मी दोर मोजायला लागतो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ती मुंगी करायला घेतली. दोर धरून स्वतः वर चढणारं यंत्र. भंगारातल्या जीपची वायपरची मोटार, सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेली दोन चाकं, ती दोराला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा आणि पोटाशी बॅटरी. बेअरिंग आणायला त्या स्वतः गुलबर्ग्याला जायच्या. तिथल्या लेथवाल्यानं विचारलं, "अम्मा, हे घरच्या पंपाला का?" तर म्हणाल्या, "न्हाई, वर जायला." त्या बिचाऱ्यानं हात जोडले. यंत्राला नाव काय ठेवणार, असं मी एकदा विचारलं. "नाव कशाला? बारसं करायचंय का?" म्हणाल्या. गावानं मात्र नावं ठेवली होतीच. पारावर बसलेले लोक त्यांना हाक मारून विचारायचे, "बाई, स्वर्गाला शीटमागं भाडं किती?" चेष्टा करणाऱ्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. ते निदान खोटं बोलत नव्हते.

मग बंगळुरूची ती जाहिरात आली. स्वतःची रॉकेटं उडवणाऱ्या एका खासगी कंपनीनं दोरावर चढणारी यंत्रं मागवली होती. भाग कुणीही घ्यावा, वयाची अट नाही. पंधरा मीटर उभा दोर, यंत्राच्या अंगावर पाच किलो वजन, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत न कापलेला व्हिडिओ. त्यातून निवडलेल्यांना बंगळुरूला बोलावून तिथं त्यांची यंत्रं तपासणार होते. बाई दुकानात आल्या त्या चपला न काढताच. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर पूर्वी पाहिला नव्हता. "दत्ता, तिथं मोजतेत रे," म्हणाल्या. "कुणी शाबासकी देणार न्हाई. मोजून सांगतील, बाई, तुमचं हितं चुकतंय." आयुष्यभर दुसऱ्याचं बरोबर-चूक सांगणाऱ्या बाईंना स्वतःचं तपासून देणारं कुणीच भेटलं नव्हतं. त्यांना तेवढंच हवं होतं.

आमच्या गावात पंधरा मीटर उंच एकच गोष्ट आहे, पाण्याची टाकी. तिच्या कठड्याला दोर बांधू द्या, म्हणून बाई पंचायतीत खेटे घालू लागल्या. अध्यक्ष त्यांचाच विद्यार्थी. खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा, "अक्का, करू की" म्हणायचा आणि करायचा नाही. शेवटी तालुक्याचे साहेब नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला येणार ठरले, तेव्हा त्याला एकदम बाईंची आठवण झाली. चढाई त्याच दिवशी ठेवली. टाकीखाली मांडव उभारला, भोंगे लागले, शाल आणि नारळ आले. बाईंनी मांडवातल्या सगळ्यांना एकच गोष्ट बजावली होती. "दोराला हात लावू नका. तेल न्हाई, पाणी न्हाई, त्याला काही लागायचं न्हाई."

बाईंना शालीसाठी मंचावर बोलावलं आणि इकडं पूजा सुरू झाली. यंत्राला हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला. तेवढ्यावर भागलं असतं, कारण हार मी काढून टाकला. पण दोर बांधायला टाकीवर चढलेल्या पंचायतीच्या वॉटरमनला वाटलं, खाली पूजा होते आणि वरची गाठ तशीच राहते, हे बरं नव्हे. त्यानं तेलात कालवलेलं कुंकू गाठीला फासलं, कठड्यावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी भक्तिभावानं दोरावर ओतलं. मी खालून ओरडत होतो. भोंग्यात साहेबांचं कौतुक चाललं होतं, माझं कोण ऐकणार?

मी बाईंपर्यंत पोचायच्या आत साहेबांनी बटण दाबलं आणि यंत्र सरसर निघालं. बाई बोटानं दोरावरच्या खुणा मोजत होत्या, ओठ कानडीत हलत होते. नऊ मीटरवर चाकं नुसती फिरायला लागली, यंत्र थरथरलं आणि घसरत खाली आलं. तुरीची रिकामी पोती अंथरली होती म्हणून मोडलं नाही. आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब वाजवत होते, म्हणून सगळे वाजवत होते. बाईंनी अंगावरची शाल खुर्चीवर टाकली आणि माइक ओढून घेतला. "टाळ्या कामून वाजवायलात? पडलं न्हाई का ते? डोळे हायत न्हवं तुमाला?" लोकांना वाटलं, बाई भावुक झाल्या. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या आठवल्या की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चूक वॉटरमनची नव्हती, तो वर टाकीवर होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक टाळ्या वाजवणाऱ्यांची होती. दोर उतरवल्यावर बाईंनी तो बोटांनी चाचपला. नऊ मीटरपर्यंत कोरडा, त्याच्या वर ओला, बुळबुळीत. त्यांनी माझ्याकडं पाहून मान हलवली, आणि त्यात राग नव्हता. कारण कळलं होतं. आता कोरडा दोर आणि एक सकाळ, एवढंच हवं होतं. दोर मी दुसऱ्याच दिवशी नवा काढून दिला.

सकाळ मिळाली नाही. पेपरात फोटो आला होता, बाई शाल घेताना. खाली मजकूर होता की यंत्रानं यशस्वी चढाई केली. पंचायतीच्या दृष्टीनं काम संपलं होतं. "झालं की अक्का, किती छान झालं," अध्यक्ष म्हणाला. "आता परत कशाला? परत पडलं तर गावाची इज्जत जाईल." बाई म्हणाल्या, "एकदा पडलंय ते तर कबूल कर." तो हसला. त्याला कबूल करायचंच नव्हतं. त्यातच चढाईचा व्हिडिओ काढणारा फोटो स्टुडिओवाला पोरगा धावत आला. म्हणाला, "बाई, घसरतानाचा व्हिडिओ उलटा लावतो. चढायलंय असंच दिसतंय, कुणाला कळणार न्हाई." बाईंनी त्याला दखनीत जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. कंपनीची मुदत गेली. टाकीला कुलूप लागलं, सुरक्षेच्या कारणासाठी म्हणे. आठवडाभरानं त्याच टाकीवर अध्यक्षांच्या वाढदिवसाचं बॅनर चढलं, तेव्हा सुरक्षेचं कारण कुठं गेलं होतं, हे मी चारचौघांत विचारलं.

बाई त्यानंतर फार बाहेर पडल्या नाहीत. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, ते वाढलं. दिवाळीनंतर गुलबर्ग्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा आवाज खोल गेला होता, पण मास्तरकी तशीच होती.

"कुठं घसरलं रे ते?"

"नऊ मीटरवर, बाई."

"व्हय, नऊ. कुणी इचारलं तर नऊच सांग. एकबी वाढवून सांगू नकू. पुढं कुणी करायला घेतलं तर त्याला खरा आकडा लागंल."

चार दिवसांनी बाई गेल्या.

शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार होता. अध्यक्ष बोलायला उभा राहिला आणि बाईंचं यंत्र टाकीच्या टोकाला पोहोचलं, आपल्या गावाचं नाव अंतराळापर्यंत गेलं, असं रडवेल्या आवाजात सांगू लागला. खरंच रडत होता तो, हे मला नाकारता येत नाही. त्याचाच मला जास्त राग आला. मी उभा राहिलो.

"पोहोचलं न्हाई," मी म्हणालो. "नऊ मीटरवर घसरलं. कामून घसरलं ते बाईंना कळलं होतं. एक सकाळ टाकी पाहिजे होती, ती तुम्ही दिली न्हाई."

मागून एका म्हाताऱ्यानं म्हटलं, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतेत का, दत्ता?" अध्यक्षानं डोळे पुसले. "दत्ता दुःखात बोलायलाय," तो माइकवर म्हणाला. "चला, बाईंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू."

सगळे चटकन उठले आणि माना खाली घातल्या. त्या दोन मिनिटांत कुणाला काही बोलावं लागणार नव्हतं. मी खाली बसलो आणि बसूनच राहिलो.

बाईंसाठी दत्ता उभा राहिला नाही, असं गावात अजून बोलतात. लोकांना माझा राग आलाय. येऊ दे. माझा राग त्यांच्याआधीचा आहे.