नवीन सिस्टीम आली की

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली अर्धं आयुष्य काढलं त्या वसुधावहिनींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर तुमच्या घरातल्या कुणाचं तरी लग्न माझ्याच टेबलावर जमलेलं असेल — मग तर जरूर ऐका.

दादरला पश्चिमेला, फुलवाल्यांच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचं वधू-वर सूचक मंडळ आहे. कोकणातली मंडळी येतात — लालबाग, परळ, शीव, कुठकुठून. आतल्या खोलीत मालकीण, म्हणजे वसुधावहिनी. बाहेर मी, एक कॉम्प्युटर आणि भिंतीभर जमलेल्या जोड्यांचे फोटो. लोकांना सून गोरी हवी असते, नोकरीवाली हवी असते आणि ती सकाळी सगळ्यांचे डबे भरून नोकरीला गेलेलीही हवी असते. मी सगळं टाइप करते. हसत नाही. कामाचा भाग आहे.

सुरुवात कॉम्प्युटरपासूनच करते. तिथून सुरुवात करणं मला सोपं जातं.

आमचा कॉम्प्युटर जुना होता, आणि त्यातली सिस्टीम त्याहून जुनी. स्थळं जुळवायचा प्रोग्रॅम वहिनींच्या पुतण्याने कॉलेजात असताना लिहिला होता. पुढे पुतण्या परदेशी गेला आणि फोन उचलेनासा झाला. तो प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर चालत नव्हता. म्हणजे सिस्टीम बदलायची तर मशीन बदला, प्रोग्रॅम बदला, सगळी नावं इकडून तिकडे न्या. गिरगावचे भाटकर आमचा कॉम्प्युटर बघायचे. दर खेपेला जाताना म्हणायचे, "वहिनी, आता तरी अपग्रेड करून घ्या." वहिनींचं उत्तर ठरलेलं. "चालतोय ना? मग?" आधी गणपती होऊ देत, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न, आणि एकदा का लग्नसराई लागली की त्या दिवसांत मशीन कोण उघडणार? रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की पाटी यायची, या सिस्टीमला कंपनीचा आधार आता मिळणार नाही. मी देवाला उदबत्ती लावायची आणि त्या पाटीवरची फुली दाबायची. वर्षानुवर्षं.

आता चूक सांगते. ती छोटी आहे. म्हणून आधी.

एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की तिच्या नावापुढे 'जमले' अशी खूण करायची. खूण केली की ते नाव शोधात येत नाही, त्या नावाने स्थळांची यादी निघत नाही. खूण मी करू शकायची, पण काढायची तर वहिनींचा पासवर्ड लागायचा, आणि तीच मुलगी पुन्हा नव्याने भरायला गेलं तर प्रोग्रॅम घ्यायचा नाही. मोडलेली लग्नं त्यांना स्वतःला कळायला हवी असत.

आमच्याकडे दोन प्राजक्ता सावंत होत्या. एक लालबागची, एक शीवची. लालबागच्या प्राजक्ताचं ठरलं. गणपतीच्या आधीचे दिवस, ऑफिसात ही गर्दी. तिच्या आईने पेढे आणले, मी एका हाताने पेढा घेतला आणि दुसऱ्या हाताने खूण केली. शीवच्या प्राजक्ताच्या नावापुढे.

काही महिन्यांनी लालबागहून तिच्या आईचा फोन आला. "अगो बाय, चेडवाचो साखरपुडो झालो, तरी मुलांचे फोन अजून कित्याक येतत?" मी माफी मागितली, लालबागच्या प्राजक्ताला खूण केली. मग हात थांबले. पहिली खूण कुठे गेली होती, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही.

उठून आतल्या खोलीत जायचं आणि सांगायचं — वहिनी, माझ्या हातून चुकलं. एवढंच काम होतं. वहिनी काय करणार होत्या? ओरडल्या असत्या, पासवर्ड घातला असता, दुपारी चहा आम्ही एकत्रच घेतला असता. नोकरी जाणार नव्हती. ही गोष्ट मला तेव्हाही ठाऊक होती. म्हणून भीती वाटली असं म्हणून मला सुटता येत नाही.

मग का नाही उठले? वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून एक वाक्य म्हणायच्या. "आमच्या शैलाच्या हातून चूक होत नाही." बस्स. ते वाक्य मला फार आवडायचं. घरी मला असं कुणी म्हणत नव्हतं. ते वाक्य मला गमवायचं नव्हतं — ऐकायला किती क्षुल्लक वाटतं, नाही? मलाही वाटतं.

शीवच्या प्राजक्ताचे वडील, सावंतकाका, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी कॉटन ग्रीनला गोदामात पहाऱ्याची नोकरी केली. बायको गेलेली, एकच मुलगी. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे. "काय मॅडम, बघितलंत काय स्थळ?"

आणि मी म्हटलं, "काका, कॉम्प्युटर जुना झालाय हो, नीट शोधत नाही. नवीन सिस्टीम येणार आहे. ती आली की बघा."

पहिल्यांदा ते तोंडातून सहज निघालं. पण काकांना ते पटलं, आणि मला सोयीचं झालं. यंत्रावर ढकललेलं कुणाला पटत नाही? पुढच्या महिन्यात त्यांनी स्थळाचं विचारलंच नाही. "आली काय नवीन सिस्टीम?" असं विचारलं. मग दर महिन्याला तेच. भाटकर दिसले तर त्यांनाही विचारायचे, किती दिवस लागतील, सगळी नावं येतील ना. तीनेक वर्षं तो माणूस एका अपग्रेडची वाट बघत होता.

मधे मी चार-दोन मुलांचे नंबर कागदावर लिहून दिले त्यांना. मनाला बरं वाटावं म्हणून — माझ्या. पण मुलाकडचे लोक चौकशीसाठी ऑफिसात फोन करायचे, आत वहिनी उचलायच्या, मुलीची फाइल उघडून खूण बघायच्या आणि सांगायच्या, त्या मुलीचं जमलंय. मी बाहेर बसून ऐकायची. एकदा नाही.

आणि एकदा प्राजक्ता स्वतः आली. हे सांगायला नको असं वाटतंय, म्हणून सांगते. ऑफिस सुटल्यावर आली होती, एकटी. परळला एका लॅबमध्ये कामाला होती. खुर्चीत नीट टेकून बसली आणि पर्समधून फोटोचं पाकीट काढलं.

"मॅडम, खरं सांगा. फोटोत काही प्रॉब्लेम आहे का? दोनदा बदलला. हा तिसरा. बाकीच्या मुलींना निदान नकार तरी येतात हो. मला तर कुणी नाहीपण म्हणत नाही."

मी फोटो हातात घेतला. चांगला होता. आधीचेही चांगलेच होते. मी तिला म्हटलं, केस मोकळे ठेवून एक काढून बघ.

ती गेली आणि खरंच काढून आली. केस मोकळे ठेवून. तो फोटोही मी फाइलला लावला, आणि ती खूण तशीच ठेवली.

अखेर अपग्रेड झालं ते वहिनींच्या मोबाइलमुळे. मोबाइलवरचे मेसेज आमच्या कॉम्प्युटरवर दिसायचे बंद झाले, वहिनींच्या मैत्रिणींचे सुविचार अडकून पडले, आणि आठवड्यात भाटकर नवं मशीन घेऊन जिना चढले. नवी सिस्टीम, नवा प्रोग्रॅम. मी काकांना आधीच कळवलं होतं, सोमवारपासून सुरू. कळवताना मला खरोखर आनंद झाला होता. आता होईल सगळं ठीक — असं मी स्वतःलाही सांगून ठेवलं होतं ना!

भाटकर नावं इकडून तिकडे नेत होते. मधेच थांबले. "वहिनी, जमलेली नावंपण घेऊ का नव्यात? नव्यात बरं असतं, जुनीसुद्धा खूण कुणी केली, कधी केली, सगळं नावानिशी दिसतं. काढतापण येते कुणालाही. पण उगाच जड होईल."

वहिनी म्हणाल्या, "ज्यांची जमली त्यांचं आपल्याकडे काय काम? काय गं शैला?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. एक 'घ्या' म्हटलं असतं तर ते नाव नव्यात आलं असतं, आणि एका बोटाने खूण निघाली असती. फक्त शेजारी माझं नाव दिसलं असतं.

मी म्हटलं, "नको. कशाला?"

सोमवारी सकाळी सावंतकाका आले. पिशवीत नारळ, हळदकुंकू, अबोलीचा गजरा. नव्या मशीनची पूजा करायची म्हणाले, आमच्यात देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवं काही सुरू करत नाहीत. वहिनींना गंमत वाटली, बरंही वाटलं. भाटकर होते, स्थळं बघायला आलेली दोन-तीन माणसं होती. काकांनी कीबोर्डच्या पुढ्यात नारळ ठेवला, हात जोडले. इतकी वर्षं खुर्चीच्या कडेवर बसून हळू बोलणारा माणूस, त्याचा आवाज एकदम मोठा झाला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या नव्या मशीनीक नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"हय काम करतत त्या सगळ्यांका सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या चेडवाच्या वाटेत कोणी काय आडवा घातलेला आसात, कळत नायतर नकळत, तां दूर कर म्हाराजा! आणि ज्येना घातल्यान, त्येचाय बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. सगळ्यांबरोबर, खणखणीत आवाजात. माझ्या समोरच्या त्या मशीनमध्ये त्यांच्या मुलीचं नाव नव्हतं, आणि हे खोलीत फक्त मला माहीत होतं. लाज वाटली का? वाटली. पण प्रसादाचं खोबरं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी वहिनी यायच्या आत मी प्राजक्ता सावंत, शीव, असं नाव नव्याने भरलं. शेवटचा फोटो लावला, मोकळ्या केसांचा. पहिल्यांदा नाव नोंदवलं तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. नव्या प्रोग्रॅममध्ये वय लिहावं लागत नाही, जन्मतारीख घातली की आपोआप येतं. आता तेहतीस आलं. मुलाकडचे लोक शोधताना वयाची मर्यादा घालतात, बहुतेक जण तिशीलाच थांबतात. नाव यादीत होतं आणि शोधात येत नव्हतं. या वेळी माझी खूण नसताना.

तुम्हाला वाटत असेल, कबुली संपली. मलाही बरीच वर्षं वाटत होतं, की माझं पाप म्हणजे ती खूण. मग वाटायचं, नाही, ते 'नको, कशाला'. पण रात्री जाग येते ती वेगळ्याच वाक्याने.

पुढच्या पहिल्या शनिवारी काका आले. आता सिस्टीम नवी होती, मला ढकलायला काही उरलं नव्हतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि समजावून सांगितलं — मुलगी छान आहे काका, पण वय जरा पुढे गेलंय, लोक तिशीच्या आतली मागतात.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमचाच चुकला मॅडम. आधी येवक होया होता."

मी गप्प बसू शकले असते. निदान तेवढं करता आलं असतं, नाही का? आतल्या खोलीचं दार उघडं होतं, वहिनी ऐकत होत्या.

"हो काका," मी म्हटलं, "जरा लवकर यायला हवं होतं तुम्ही."

त्यांनी मान हलवली. पिशवी उचलली, मला नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. पुढच्या महिन्यात आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. प्राजक्ताचं नाव अजून सिस्टीममध्ये आहे. वय दर वर्षी आपोआप वाढतं, मला काही करावं लागत नाही.