समुद्र डावीकडे हवा

"समुद्र डावीकडे हवा! डावीकडे! कोणी हलवला?"

रविवारची सकाळ, साडेदहाचा सुमार, ऑकलंडच्या पश्चिमेचा डोंगररस्ता. सायकल गवतात आडवी, हेल्मेट तिरकं, दोन्ही हात आभाळाकडे, असे माझे साडूबुवा रस्त्याच्या कडेला उभे राहून ओरडत होते. समुद्र बिचारा उजव्या हाताला, दूर खाली, झाडांच्या फटीतून चकाकत पडला होता. पृथ्वी थंड झाल्यापासून तो तिथेच असावा. पण साडूबुवांच्या कागदावर तो डावीकडे होता, आणि कागदाचं नि समुद्राचं जुळलं नाही तर चूक समुद्राची, हा त्यांचा पहिल्यापासूनचा बाणा.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. दिशांवर इतकी श्रद्धा असलेला आणि दिशांनी इतकं वाऱ्यावर सोडलेला दुसरा माणूस पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत सापडायचा नाही. पेशाने फार्मासिस्ट. माउंट रॉस्किलमधल्या निम्म्या वस्तीचा रक्तदाब यांच्या मुठीत. कुठल्या फळीवर कुठली गोळी, ते डोळे मिटून सांगतील. पण दुकानाचं दार ओढून बाहेर आल्यावर घर कुठल्या बाजूला, ते डोळे उघडे ठेवूनही सांगता यायचं नाही. याला कारण आहे. पुण्यात शाळकरी वयात सायकलवर भटकताना ते सूर्यावरून दिशा ओळखायला शिकले. दुपारी सूर्याकडे तोंड करायचं. समोर दक्षिण, डाव्या हाताला पूर्व, उजव्या हाताला पश्चिम. हा धडा त्यांच्या हाडांत मुरला, आणि मग बावीस वर्षांपूर्वी ते न्यूझीलंडला आले, जिथे भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो. हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. लेकीला त्यांनी संत्रं आणि टॉर्च घेऊन हे सगळं समजावलंही होतं. "पण डोक्याला कळून काय उपयोग?" ते म्हणत. "वळायचं असतं पायांना." सूर्य उगवतो मात्र दोन्हीकडे पूर्वेलाच. त्यामुळे सकाळी दहापर्यंत साडूबुवांसारखा वाटाड्या नाही. दहा वाजले, सूर्य जरा वर सरकला, की उत्तरेची दक्षिण होते, आणि त्यांच्या मागून निघालेला माणूस घरी कधी पोचेल हे ज्योतिषीही सांगू शकत नाही. एकदा आम्ही न्यू लिनला, म्हणजे सायकलने घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर, कॉफी प्यायला निघालो आणि दुपारी दोनला एका फार्मच्या फाटकाशी उभे होतो. पाचशे मेंढ्या आमच्याकडे टक लावून बघत होत्या. "यांना विचारून झालं," साडूबुवा गंभीरपणे म्हणाले. "याही इथल्या नाहीत."

फोनवरचा नकाशा? त्याचं नाव काढायचं नाही. फोन स्टीलच्या डब्यात, थालीपिठांच्या खाली. "फोनला विचारून पोचलो तर फोन पोचला. मी कुठे पोचलो?"

अशा माणसाच्या हाती कोर्सिका लागावं, हे विधिलिखितच. दुकानात औषध न्यायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या फ्रेंच गिऱ्हाइकाने त्यांना त्या बेटाचा घडीचा नकाशा दिला. भूमध्य समुद्रातलं बेट, अंगभर डोंगर, आणि त्या डोंगरांवर जिलबी पाडावी तसे रस्ते. साडूबुवांनी तो गॅरेजच्या भिंतीवर लावला, गाडी कायमची बाहेर काढली, आणि त्या दिवसापासून ते ऑकलंडमध्ये राहायचे फक्त पोस्टाच्या सोयीसाठी. "अरे, तिथे सूर्य दक्षिणेला असतो! पुण्यासारखा! मी चुकत नाही रे, इथला सूर्य चुकलाय. कोर्सिकात बघ माझं." मार्गही ठरला. बेटाला प्रदक्षिणा घालायची. प्रदक्षिणेत देव उजवीकडे असतो, इथे डोंगर उजवीकडे. म्हणजे समुद्र आपोआप डावीकडे. शिवाय तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे सायकल डोंगराला बिलगून राहते आणि कड्यावरून जायचा मान समोरून येणाऱ्याला मिळतो. यात न पटण्यासारखं काय आहे, सांगा! घोटाळा एवढाच, की या प्रदक्षिणेची तालीम दर रविवारी ऑकलंडमध्ये व्हायची, आणि तालमीला मी असायचो.

न्यू लिन म्हणजे अजाक्सियो बंदर. टिटिरांगीचा चढ म्हणजे व्हिझाव्होनाची खिंड. "खिंडीच्या अलीकडे भेट," असा निरोप यायचा आणि मी दीड तास दुसऱ्याच खिंडीच्या अलीकडे उभा असायचो. कोर्सिकात रस्त्यावर डुकरं आणि गाई मोकळ्या फिरतात असं कळल्यावर साडूबुवा कचऱ्याच्या दिवशी मुद्दाम लवकर उठू लागले. फुटपाथच्या कडेला ओळीने ठेवलेल्या डब्यांपैकी लाल झाकणाचं ते डुक्कर, पिवळ्या झाकणाची ती गाय. त्यांच्यामधून ते नागमोडी सायकल काढत, घंटी वाजवत, "हुर्र! हुर्र!" करत. आळीतल्या लोकांनी आधी पडदे सरकवले, मग हात हलवायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने, म्हणजे इथल्या वाण्याने, तर एक डबा मुद्दाम आडवा ठेवायला घेतला, सरावाला बरा म्हणून. उजवीकडून चालायची सवय म्हणून सुपरमार्केटात ट्रॉली उजवीकडून. किती टकरा झाल्या ते ट्रॉल्यांनाच विचारा. आणि हँडलला चिकटवलेली ती चिठ्ठी! हाडाचा फार्मासिस्ट. 'सकाळी उपाशीपोटी एक घाट. जेवणानंतर दोन. चक्कर आल्यास उतार घ्यावा.'

या सगळ्याचा शेवट ठरलेला. दुपारी केव्हातरी डबा उघडायचा, थालीपिठं संपायची, खालून तुपकट फोन निघायचा आणि ताईंना लागायचा. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, हॉस्पिटलात नर्स. चिडणं त्यांना ड्यूटीबाहेरही जमत नाही.

"अगं, समोर एक झाड आहे."

"कसलं झाड?"

"मोठं. आणि एक गाय."

"कुठल्या रंगाची?"

रंग ऐकून ताई गाडी काढत. गाईच्या रंगावरून अख्ख्या प्रांतात नवरा हुडकणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. येताना थर्मासमध्ये चहा. मग दोन सायकली गाडीच्या मागे बांधून आम्ही तिघं कुठल्यातरी अनोळखी टेकाडावर वाफाळता चहा प्यायचो, आणि परतीच्या वाटेवर साडूबुवा पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून घोरायचे. "दमले माझ्या जिवाला," ताई तक्रारीच्या सुरात म्हणायच्या. पण थर्मास शनिवारीच घासून ओट्यावर पालथा घातलेला असायचा, हे माझ्या बायकोने पाहिलंय.

यंदा मात्र गुडघ्याच्या डॉक्टरने सांगून टाकलं, की डोंगर चढायचे तर याच वर्षी. पुढच्या वर्षी गुडघा बदलायचा. साडूबुवांचं तोंड एवढंसं झालं. कोर्सिका आता नाहीतर कधीच नाही. ताईंनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी चहाबरोबर अट ठेवली: "एकदा, फक्त एकदा, घरून निघून मला फोन न करता घरी परत या. मग खुशाल जा, मी बॅग भरून देते." साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली, आणि तोंड उघडायला मला बंदी.

तीच ही रविवारची सकाळ. दहापर्यंत आम्ही कसे गेलो! आणि मग तो समुद्र.

"साडूबुवा..." मी म्हणालो.

"एक शब्द नाही!" ते गरजले. मग त्यांनी समुद्राकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, सायकल उचलली आणि तोंड फिरवून उलटी ठेवली. समुद्र डावीकडे आला. "बघ. सोपं असतं."

पुढचे पाच तास कसे गेले ते माझ्या पायांना विचारा. समुद्र डावीकडे ठेवायच्या हट्टापायी आम्ही एका गोल चौकाला चार वेळा प्रदक्षिणा घातली. एका चर्चच्या पार्किंगमधून दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्या लोकांनी आम्हाला स्कोन खायला दिले. ढग आले, सूर्य गेला, दिशा संपल्या. मी बावीस वर्षं नाही तरी चौदा वर्षं या शहरात राहतोय, पण त्या दिवशी शपथेवर सांगतो, आपण कोर्सिकात नाही याची मलाही खात्री उरली नव्हती. डबा त्यांच्या पाठीवर खुळखुळत होता. दोनदा त्यांचा हात तिकडे गेला, दोनदा मागे आला. गुडघा चोळत ते काही बोलेनात. आणि न बोलणारे साडूबुवा मला बघवेनात.

शेवटी चारच्या सुमाराला एका शांत आळीत त्यांनी ब्रेक लावला. "फोन करायचा नाही एवढीच अट आहे ना? माणसाला विचारलं तर चालतं." समोरच्या घराचं फाटक ढकलून ते गेले, बेल दाबली, हेल्मेट काढून अदबीने उभे राहिले. दार उघडलं.

"किया ओरा! सॉरी हं, माउंट रॉस्किल कुठल्या बाजूला..."

दारात ताई होत्या. एका हातात गाडीच्या किल्ल्या, दुसऱ्यात थर्मास, पायात बाहेरच्या चपला.

फाटक मी ओळखलं होतं, पण तोंड उघडायला बंदी होती. साडूबुवांनी न ओळखण्यात नवल काहीच नाही. बावीस वर्षं दर रविवारी ते घरी आले ते गाडीत, डोळे मिटून. दुकानाकडून येताना आळीचं दुसरं टोक लागतं; या टोकाने शिरताना घर कसं दिसतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आलात?" ताई म्हणाल्या.

"आलो!" साडूबुवांनी घराकडे वर पाहिलं, नंबर वाचला, आणि पोस्टाच्या पेटीला मिठी मारली. "फोन न करता! साक्षीदार आहे!"

अंगणात ते एका पायावर नाचत होते, दुसरा दुखत होता म्हणून. ताई हसल्या, "या, बॅग काढते," म्हणाल्या. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा त्या किल्ल्या खुंटीला परत अडकवत होत्या. थर्मास मात्र बराच वेळ हातातच होता. मग त्यांनी तो सिंकमध्ये ओतला.

साडूबुवा कोर्सिकाला गेले. गेल्या रविवारी संध्याकाळी आम्ही ताईंकडे जेवायला होतो आणि फोन वाजला; तिकडे सकाळचे आठ. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला. आवाज खणखणीत, मागे डुकरं असावीत.

"अगं, सूर्य एकदम बरोबर आहे इथे! समुद्र डावीकडे! चार दिवसांत एकदाही चुकलो नाही. जिथे म्हणतो तिथे पोचतो."

"वा," ताई म्हणाल्या.

मग तो आवाज खाली आला. डुकरंही थांबली.

"काल एक झाड होतं," ते म्हणाले. "मोठं. खाली जरा बसलो. तशी गायही होती, तांबडी. पण चुकलो नव्हतो गं. रस्ता समोरच होता."

ताईंनी आमटीचा चमचा भांड्यात ठेवला.

"मग फोन कशाला केलात?"